एक रेघ, सही आणि तारीख

३ मार्च

मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं वर लिहिलंय असं समज, कारण मला मुद्द्यावर यायची घाई झालीये. पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. मी पास झाले! दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय, आणि त्यातलं एक तुझ्याच संस्थेचं, तुझ्याच सरांच्या प्रयोगशाळेचं आहे. आता बस खुर्चीत आणि पुढचं वाच.

फोन केला असता, पण फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस, आणि आई मागून "काय म्हणतोय आमचा डॉक्टर?" करून माझा जीव खाते. पाकिटावरचं "डॉक्टर" तिनं उभं राहून लिहून घेतलंय. ते नसेल तर पत्र पोचणारच नाही असं तिला वाटतं.

त्रांगडं असं आहे. आमच्या कारखान्यातल्या मापखोलीचे साहेब जूनमध्ये निवृत्त होतायत. तेच ते थांबासाहेब. बेअरिंग हातात घेतली की तिला हाताची ऊब लागते आणि माप फुगतं, म्हणून ती टेबलावर ठेवून निवू द्यायची, मगच मोजायची. मोजायला कुणी घाई केली की साहेब म्हणतात, "थांब." दिवसातून शंभर वेळा म्हणतात, म्हणून थांबासाहेब. तर त्यांनी त्यांच्या जागेसाठी माझं नाव दिलंय. चार वर्षांत खोलीची प्रमुख! आईनं बातमी अख्ख्या जिन्याला सांगूनही टाकलीये. एप्रिलअखेर हो-नाही कळवायचंय.

आणि मला ते नकोय, मामा. निदान नकोसं वाटतंय. मी दिवसभर सांगते, ही बरोबर, ही चूक, ही बरोबर. का चूक, हे विचारायची सोय नाही. वर्षभर सोमवारचा माल तीन मायक्रॉननं मोठा येतोय. सगळे म्हणतात, रविवारी यंत्र थंड पडतं म्हणून. मी दोन सोमवार पहाटे येऊन यंत्र दोन तास आधी चालू केलं. तरी तीन मायक्रॉन आहेतच! मी हे सांगायला गेले तर टायवाला म्हणाला, "मर्यादेत आहे ना? मग पुढचा ट्रे घे." टायवाला म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला नवा इंजिनियर. मापखोलीत टाय लावणारा जगात तो एकटाच असेल. मला त्या तीन मायक्रॉननी झोप लागत नाही, आणि ज्याला त्याबद्दल विचारावं असं इथे कुणी नाही.

दुसरं बोलावणं एका लहानशा संस्थेतल्या बाईंचं आहे. त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही. पण त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलंय: "पाच ते सहा वर्षं लागतील. माझ्याकडून तीन मुली पुऱ्या करून गेल्या. चौथीनं मध्येच सोडलं, त्यात चूक माझी होती." असं कुणी लिहितं का? मी दोनदा वाचलं.

दोन्हीकडे दहा एप्रिलपर्यंत कळवायचंय. तू या वाटेनं गेलेला आहेस, आमच्या घरात तू एकटाच. नोकरी की शिक्षण, आणि शिक्षण तर कुणाकडे? तू सांगशील ते करीन.

तुझी,
मोजपट्टी

ता. क. मधे एक शब्द खोडलाय बघ. एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख. "चुकलेलं माप गिरवून काळं करायचं नाही, ते वाचता आलं पाहिजे." आठ वर्षांची होते तेव्हा शिकवलंस. कारखान्यात त्यावरच माझं नाव झालं.


१४ मार्च

चि. मोजपट्टी,

शाब्बास! पत्र वाचून मी खोलीत एकटाच हसलो. घरभर पट्टी घेऊन हिंडणारी, आजोबांच्या मिशा मोजणारी तू, आणि आता आमच्या दारात! उजव्या मिशीपेक्षा डावी दोन मिलिमीटर मोठी निघाली म्हणून त्यांनी दोन दिवस आरशात पाहिलं नव्हतं, आठवतं का?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. विचारतेस काय, ये! कारखान्याच्या जागेवर पाणी सोड. प्रमुख म्हणजे काय, तर तोच ट्रे, फक्त जरा मोठ्या टेबलावर. तुझ्यासारख्या डोक्याच्या मुलीनं तिथे म्हातारं व्हायचं? तुझ्या त्या साहेबांनी जन्मभर "थांब" म्हटलं आणि थांबले, बघ.

आमच्याकडे काय आहे ते सांगतो. तळमजल्यावर दोन दारांच्या आत नवं यंत्र बसलंय. पायाखाली रबराचे थर, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी सुई हलू नये. तुझे तीन मायक्रॉन इथे डोंगराएवढे वाटतील, आम्ही अणूंच्या थरांबद्दल बोलतो. खरं सांगायचं तर यंत्र आलं, पण त्यावर स्थिर माप घेणारा हात अजून कुणाला सापडलेला नाही. दोन मुलं आली आणि कंटाळून गेली. सरांना तुझ्याबद्दल मी बोललो. चार वर्षं मापखोलीत काढलेली मुलगी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. सर चष्मा काढतात म्हणजे काय ते तुला इथे आल्यावर कळेल.

त्या बाईंचं मात्र डोक्यातून काढून टाक. जी बाई पहिल्याच पत्रात स्वतःच्या चुका लिहिते तिच्याकडे लिहिण्यासारखं दुसरं काही नसणार. तिथे धड यंत्रही नाही, मी चौकशी केलीये. या क्षेत्रात माणूस कुणाच्या हाताखालून आला हे आधी विचारतात.

ताईला म्हणावं, तिची मुलगी तिच्या भावाच्या डोळ्यांसमोर राहील, काळजी नको. आणि कळवायला दहा तारखेची वाट कशाला बघतेस? आधीच कळवून टाक. सरांना असं मनापासून हो म्हणणारं माणूस आवडतं.

मामा


३ एप्रिल

मामा,

घे! परवा तुझ्या सरांना होकार पाठवला. काल थांबासाहेबांना सांगून आले की मला जागा नको. ते चहा पीत होते. म्हणाले, "थांब. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, निवू दे जरा." मी म्हटलं, साहेब, माझं नक्की झालंय. त्यांनी नुसता कप ठेवला. संध्याकाळी ती जागा टायवाल्याला दिल्याचं कळलं. मला हसूच आलं. आता सोमवारचे तीन मायक्रॉन तो टायनं पुसेल.

आईनं दोन दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच माझी बॅग काढून उन्हात ठेवली. "माझा भाऊ आहे तिथे," हे ती आता मलाच समजावत असते.

बाईंना मात्र अजून नकार कळवलेला नाही. दहा तारखेपर्यंत वेळ आहे म्हणून म्हटलं एक शेवटची गोष्ट तुला विचारून घेऊ. त्यांनी मला आकडे दिले होते ना, पाच-सहा वर्षं, तीन पुऱ्या, एक अर्धी. आपल्या सरांचे आकडे माझ्याकडे नाहीत. प्रयोगशाळेतल्या दोघांना लिहिलं. एकाचं उत्तर नाही. दुसऱ्यानं लिहिलं, "तुमचे मामाच सांगतील की." तेव्हा तूच सांग. सरांकडून किती जण पुरे करून गेले, आणि तुला स्वतःला किती वर्षं लागली? आई म्हणते सहा. आजोबा आजारी होते तेव्हा तुझं "झालं" असं पत्र आलं होतं, ते त्यांनी उशाशी ठेवलं होतं, एवढं मला आठवतं.

रागावू नकोस. मापाशिवाय मला काही कळत नाही, तूच तसं करून ठेवलंयस. दहाच्या आत दोन ओळी टाक. टपाल दोन दिवसांत येतं. काहीच लिहिलं नाहीस तर सगळं ठीक आहे असं धरीन आणि बाईंची जागा सोडून देईन.

मोजपट्टी


६ एप्रिल

चि. मोजपट्टी,

होकाराचं कळलं, आनंद झाला. सरही खूश आहेत.

तुझे प्रश्न वाचले. माणसांचं माप असं काढत नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं, प्रत्येकाचा वेळ वेगळा. पाच-सहा वर्षं धरून चाल. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. माझ्या वेळी परिस्थितीच निराळी होती, ती पत्रात मावायची नाही.

मधली खोडलेली ओळ सोडून दे. हात चुकला. प्रयोगशाळेत एक सारखा बंद पडणारा पंप आहे, त्याच्या तंद्रीत काहीतरी लिहून गेलो.

बाकी इथे आल्यावर बोलू. येताना पातळ सुती हातमोजे आण, इथले जाड आहेत.

मामा


१५ एप्रिल

मामा,

तुझं पत्र काल मिळालं. वर तारीख सहाची आहे. टपालाचा शिक्का अकराचा आहे. माझा धंदाच आकडे वाचायचा आहे, त्यामुळे ते आधी दिसलं.

सहापासून नऊपर्यंत मी दररोज खाली पेटीशी जाऊन येत होते. दहाला दुपारी बाईंना नकार कळवला. तू लिहिलं नाहीस म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरलं. तसं तुला कळवलंच होतं.

आता ती खोडलेली ओळ. तू एकच रेघ मारलीस, बाजूला सही केलीस, तारीख टाकलीस. वीस-बावीस वर्षांची सवय. वाचता आली. जशीच्या तशी परत लिहिते, म्हणजे तू नंतर म्हणायला नको की मी चुकीचं वाचलं:

"सर म्हणालेत, तू यादीत लागलीस की ते माझ्या प्रबंधावर सही करतील, बावीस वर्षं झाली ग, तू येऊ नकोस."

मी ते पत्र आईसमोर उघडलं नाही हे नशीब समज. ती विचारत होती, काय म्हणतो डॉक्टर? मी म्हटलं, हातमोजे आण म्हणतो.

काल संस्थेत फोन केला. जो उचलायला आला त्याला विचारलं, डॉक्टरसाहेब आहेत का? तो म्हणाला, "कोण डॉक्टर? अहो, ते आमचे सहायक. जुने विद्यार्थी आहेत." अतिशय प्रेमानं म्हणाला. तुझ्याबद्दल सगळ्यांना प्रेम आहे असं दिसतं.

मला एवढंच सांग. सहा तारखेला तुझ्या हातात हे पत्र होतं. तू अकराला टाकलंस. मधले पाच दिवस ते कुठे होतं?


२ मे

मोजपट्टी,

टेबलावर होतं. पाण्याच्या तांब्याखाली.

उत्तराला उशीर झाला, कारण तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. हे फाडणार नाही.

दहा तारखेला दुपारी प्रवेशाची यादी लागली. तुझं नाव तिसरं होतं. सरांनी मला आत बोलावलं, चष्मा काढला आणि पहिल्या पानावर सही केली. उभ्या उभ्या. एवढंसं काम होतं ते, बावीस वर्षांनी झालेलं! अकराला सकाळी मी तुझं पत्र टाकलं. आता तुला सगळं कळलं.

तू विचारलेले आकडे देतो. सरांकडे आजवर चौदा जण आले. पाच पुरे करून गेले. आठ जण सोडून गेले. आणि एक मी. माझं काम सातव्या वर्षी संपलं होतं. सर म्हणाले, अजून एक माप घे. मग म्हणाले, यंत्र जुनं आहे, नवं येऊ दे. मग म्हणाले, तू गेलास तर यंत्रं कोण सांभाळणार, आणि सहायकाची नोकरी दिली. दर पाच वर्षांनी नाव नव्यानं नोंदवायचं आणि वाट बघायची. सर वाईट नाहीत. त्यांना माझा उपयोग होता, एवढंच.

आजोबा गेले त्याच्या आधी मी "झालं" लिहिलं. त्यांनी विचारलं होतं आणि दिवस थोडे होते. वाटलं, वर्षभरात होईलच, तेव्हा खोटं खरं होऊन जाईल. मग ताईनं पाकिटावर लिहायला सुरुवात केली. दर वेळी पाकीट आलं की मी ते उलटं ठेवायचो.

तुला बळी दिलं असं म्हणशील. म्हण. पण ऐकून घे. ती ओळ मी लिहिली, खोडली, आणि मला दुसरा कागद घेता आला असता. घेतला नाही. गिरवून काळी करता आली असती. केली नाही. तू वाचणार हे मला माहीत होतं. फक्त दहाच्या आधी वाचायला नको होतीस. इतकाच मी भला माणूस, आणि इतकाच वाईट.

आणि सगळं इतकंही वाईट नाही. जागा खरी आहे, यंत्र खरं आहे, तुझा हात खरा आहे. तू ये. मी इथे आहे, तुला माझ्यासारखं होऊ देणार नाही.

पदवी जूनमध्ये मिळेल. आता पाकिटावर लिहिलंस तरी चालेल. ताईला यातलं काही सांगू नकोस, ती मोडून पडेल.

मामा


१९ जून

तीर्थस्वरूप मामांस,

नमस्कार. पत्र मिळालं. पदवी मिळाल्याचंही कळलं. तुमचा फोटो आला, त्यात काळा झगा तुम्हाला खांद्यांवर मोठा होतोय.

आईनं फोटो भिंतीवर लावलाय. जिन्यातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. खालच्या काकूंनी विचारलं, "ते तर आधीपासूनच डॉक्टर होते ना?" आई क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "अहो, हा वरचा समारंभ असतो, तो आत्ता झाला." तिनं हे स्वतःच जुळवलं. मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, तिच्यासाठी गप्प बसले. तुमच्या पहिल्या खोट्यानं आजोबा सुखानं गेले आणि दुसऱ्यानं आई सुखात आहे. मधे मीच काय ती सापडले.

तुमच्या सरांना नकार पाठवलाय. तो त्यांना पोचला असेलच. त्यांनी तो वाचताना चष्मा काढला का, हे मला कळवू नका. जिथे माझं नाव देऊन दुसऱ्याची सही मिळते, तिथे मला माझी सही किती वर्षांनी मिळेल हा हिशेब मी घरी बसून केला. चौदातले पाच. आमच्याकडे असा माल ट्रेसकट परत जातो.

तुम्ही मला तुमच्यासारखं होऊ देणार नाही म्हणालात. ते तुम्हाला सहा तारखेला करता आलं असतं. तेव्हा फक्त एक तिकीट चिकटवायचं होतं.

माझीही चूक आहे, ती लिहून ठेवते. थांबासाहेब "निवू दे" म्हणाले होते. चार वर्षं मी बेअरिंग निवल्याशिवाय मोजली नाही, आणि तुमचं पत्र हातात गरम होतं तेव्हाच मी माप घेतलं. परक्याचं असतं तर चार वेळा तपासलं असतं. तुमचं होतं म्हणून एकदाही तपासलं नाही. केसानं गळा कापला असं म्हणायचं होतं, पण मानही मीच पुढे केली होती.

नोकरी आहे. राजीनामा दिला नव्हता एवढं शहाणपण शिल्लक होतं. खोलीत प्रमुखाच्या टेबलाशी टायवाला बसतो. माप घेताना अजून मला हाक मारतो, आणि कागदावर सही तो करतो. साहेब निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या स्टुलाशी आले, काहीतरी बोलतील असं वाटलं. म्हणाले, "सोमवारचं सोडू नकोस." मग गेले. मी हातमोजे काढले आणि धुण्याच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

त्या बाईंना मी पुन्हा लिहिलं. झालं ते सगळं नाही, एवढंच लिहिलं की मी घाईनं नकार दिला होता. जागा भरली आहे. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा द्यावी लागेल, सगळी, पहिल्यापासून. शेवटी मी त्यांना सोमवारच्या तीन मायक्रॉनबद्दल लिहिलं होतं. त्यांनी उत्तरात चार प्रश्न विचारलेत. त्यातला दुसरा मला कधी सुचलाच नव्हता: रविवारी तेल कोण बदलतं? मी शोधतेय. परीक्षा देणार आहे. या खेपेला कुणाला विचारलेलं नाही, तुम्हालाही नाही. हे कळवतेय, एवढंच.

तुम्हाला हे माझं शेवटचं पत्र. आई लिहीत राहील, तिला उत्तर देत जा.

पाकिटावर तिनं नेहमीप्रमाणे उभं राहून "डॉक्टर" लिहून घेतलं. आता ते खोटं नाही, कागदोपत्री बरोबर आहे, हे मला माहीत आहे. ती आत गेल्यावर मी त्यावर एक रेघ मारली. बाजूला सही केली, तारीख टाकली.

गिरवलेलं नाही. वाचता येतंय.

तुमची भाची